कॅमेऱ्याचं दार

कॅमेऱ्यांना वाचा होती तेव्हाची गोष्ट. देवयानीने छोटा कॅमेरा सोडून मोठा घेतला, सोबत कॅमेऱ्याच्या तळाशी बसणारी जादा बॅटरीची ग्रिपही. बेहड्याच्या ढोलीत धनेशाची मादी तोंडाशी भिंत लिंपून बसली होती. ती बाहेर पडतानाचा फोटो मिळाला, तरच आत पिल्लांचं घरटं आहे हे पटून झाडाची तोड थांबणार होती.

ग्रिप म्हणाली, "दादा, बॅटरीचं दार काढू दे. तुझी बॅटरी माझ्यात ठेवू, शेजारी दुसरी बसेल."

"माझं दार काढतेस? उद्या शेपूटही लावशील!" कॅमेरा गुरकावला.

दिवसभर वाट पाहून त्याची बॅटरी संपत आली. तेवढ्यात मादी चोचीने स्वतःचीच भिंत फोडू लागली. कॅमेरा बघतच राहिला.

"देवयानी, काढ ते दार! लवकर!"

ग्रिप बसली. मादी झेपावली. सलग चाळीस फोटो निघाले.

करवतवाले आले, तेव्हा देवयानी कॅमेरा पुढे धरून झाडाखाली उभी होती. फोटो पाहून ते परत फिरले.