अंबू मास्तरणीचं 'बरोबर'

फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल नव्हता आणि लोक ओहोटी बघून चिखलातून ये-जा करत, तेव्हाची ही गोष्ट. मांडवखार गावात खाडीच्या अगदी कडेला एक शाळा होती आणि त्या शाळेत अंबू मास्तरीण होती. असं म्हणतात की ती हजेरी घ्यायला लागली की खेकडेसुद्धा बिळातून बाहेर येऊन उभे राहायचे. खेकड्यांचं देव जाणे, पोरं मात्र राहायची.

गावात आगरी होते, मुसलमान होते आणि तेलाचा घाणा चालवणारे यहुदी होते. त्यांचा घाणा शनिवारी बंद, म्हणून सगळे त्यांना शनिवार तेली म्हणत. एकदा वरून हुकूम आला, मुलांना सगळ्या धर्मांची माहिती द्या. सोबत पुस्तकही आलं. अंबूने ते वाचून दाखवलं, तर आपलं पान आलं की पोरं छाती फुगवायची आणि दुसऱ्याचं आलं की जांभया द्यायची. मधल्या सुट्टीत कुणाचा देव मोठा यावरून मारामारी झाली, दोघांचे सदरे फाटले.

अंबूने पुस्तक फळीवर टाकलं आणि नियम केला. आपलं सांगायचं नाही, शेजाऱ्याचं सांगायचं. आणि ज्याचं सांगितलं तो 'बरोबर' म्हणेपर्यंत खाली बसायचं नाही.

पहिली उभी राहिली पाटलांची गोदी. म्हणाली, "मुसलमान रोज उपास करतात, म्हणून त्याला रोजा म्हणतात. उपासाला ते साबुदाणा खातात."

मुकादमांचा हुसैन हसून गडबडा लोळला. गोदी शाळा सुटेपर्यंत उभीच राहिली आणि सुटल्यावर तरातरा मुकादमांच्या घरी जाऊन हुसैनच्या आईला सगळं विचारून आली. रमजान चालू होता. पाणीसुद्धा नाही म्हणजे कसं, हे काही केल्या तिच्या डोक्यात शिरेना. म्हणून दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता तिने पाणी सोडलं, आणि दुपारी विहिरीवर भोवळ येऊन पडली.

झालं. मास्तरीण पोरी बाटवते, ही बातमी दिवस मावळायच्या आत घरोघर पोचली. पाटलांनी गोदीला शाळेतून काढलं. मुकादमांना वाटलं, उद्या ही आपल्या हुसैनला देवळात आरती म्हणायला उभं करील. त्यांनीही मुलाला काढलं. मग एकाचं बघून दुसऱ्याने, आणि शाळा ओस पडली.

अंबू विधवा होती. सासरचं दार बंद झालेलं, माहेरचं तर त्याच्या आधीच. शाळा गेली तर तिला डोकं टेकायला जागा नव्हती. ती घाबरली होती, पण तोंडावर दिसू देईल तर ती अंबू कसली.

गाव पोराबाळांसकट शाळेत जमलं. पाटील म्हणाले, "बाय, माजी पोर पान्याविना पडली. आता तुमी गाव सोडा."

"सोडते," अंबू म्हणाली. "पण वर्गात आलात तर वर्गाचा नियम पाळा. शेजाऱ्याचं सांगा. तुम्ही सगळे बरोबर ठरलात की मी निघाले."

पाटलांना ते अगदीच सोपं वाटलं. ते उठून म्हणाले, "मुसलमान दिसभर उपाशी ऱ्हातान आनि सांच्याला त्याचा वचपा काढतान."

"चूक," मुकादम म्हणाले आणि तेही उभे राहिले. "तुम्ही गणपतीला खाऊपिऊ घालता आणि मग कंटाळून खाडीत बुडवता."

"कंटालून?" पाटलांचा आवाज चढला. "आमी त्याला आईकडं पोचवताव. रडताव आमी त्या दिशी."

दोघेही उभेच राहिले. बसायला कुणीच तयार नव्हतं, कारण समोर पोरं बघत होती. बाहेर भरती लागली. असं म्हणतात की त्या दिवशी पाणी शाळेच्या पायरीपर्यंत चढलं आणि तिथेच थांबलं, आतलं ऐकत.

शेवटी पाय दुखायला लागले तसे पाटील म्हणाले, "मंग सांग ना बाबा, काय आसतं त्यात?"

मुकादम म्हणाले, "पाणी समोर असतं. कुणी बघत नसतं. तरी प्यायचं नाही. घसा सुकला की ज्याला कधीच पोटभर मिळत नाही, त्याची आठवण ठेवायची."

पाटलांनी एकदा लेकीकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "कुनी बगत नसतं, तरी पेयाचं नाय."

"बरोबर," मुकादम म्हणाले. "आणि तुम्ही देवाला आईकडे पोचवता, तेव्हा रडता."

"बरोबर," पाटील म्हणाले.

अंबू शब्दाची पक्की. तिने कोपऱ्यातलं गाठोडं उचललं आणि दाराकडे निघाली. पायरीवरच्या पाण्यात तिचा पाय बुडला, तरी ती थांबेना. गोदीने तोंडात परकराचं टोक कोंबलं. मघाशी तावातावाने बोलणाऱ्या पाटलांना आता बाईंना अडवायचं कसं ते सुचेना.

"बाय, थांबा," ते एकदम म्हणाले. "तेल्याचं ऱ्हायलंय. शनवारी तो घाना बंद ठेवतो, तो शनीला भिऊनच ना?"

घाण्याचा मालक एलोजी तेली इतका वेळ भिंतीला टेकून ऐकत बसला होता. तो पोट धरून हसला आणि म्हणाला, "चूक!"

पाटील बसता बसता पुन्हा उभे राहिले. अंबूने गाठोडं खाली ठेवलं. आणि असं म्हणतात की तेव्हा कुठे पाणी वर चढलं, आणि सारं गाव ओहोटीपर्यंत शाळेतच अडकून बसलं. त्या वेळात एलोजीने त्यांना शनिवार समजावून सांगितला, पण पाटलांना तो काही एका बैठकीत जमला नाही.

अंबू मास्तरीण मरेपर्यंत मांडवखारलाच राहिली. आजही दिवाळीच्या सुट्टीआधी सारं गाव त्या शाळेत जमतं आणि लहानथोर सगळे उठून शेजाऱ्याचं सांगतात. तेल्यांचं घर केव्हाच समुद्रापार गेलं, 'बरोबर' म्हणायला त्यांच्यातलं कुणी उरलं नाही, म्हणून त्यांचं सांगणारा शेवटपर्यंत उभाच असतो. मग शाळेच्या बाई विचारतात, "झालं का सगळं?" आणि नुकती शाळेत आलेली पोरंसुद्धा सगळ्यांच्या आवाजात आवाज मिळवून सांगतात, "नाही बाई, अजून राहिलंय. जाऊ नका."