ती उभी चढलेली रेघ

"मग वाढतं कशानं, बाबा?" निमकर साहेबांनी पुन्हा विचारलं.

"सब्बल देता का नाही, बाबा?" चैतरामनंही पुन्हा विचारलं.

लतीफबाबा फकिरांनी दोघांकडेही पाहिलं नाही. धरणाच्या पाण्याकाठी, चिंचेखाली, फाटकी सतरंजी टाकून ते बसले होते. सब्बल, ती जड लोखंडी पहार, त्या सतरंजीखालीच होती.

"साहेब आधी आला," ते म्हणाले. "तू रांगेत थांब, चैत्या."

चैतराम दात-ओठ खात खाली बसला. भावासाठी केस उतरवलेल्या डोक्यावर आता कुठे खुंट उगवले होते.

निमकर खुलले. देशोदेशीच्या सरकारांचा कारभार कागदावरून फोनवर कसा आला, याचा त्यांनी मोठा अभ्यास केला होता. मंत्रालयात त्यांचा शब्द चाले.

"लोक म्हणतात पैसा असला की फोनवरचं काम वाढतं. मी श्रीमंत देश पाहिले, बाबा. यंत्रं धूळ खात पडलेली! म्हणतात शिक्षण हवं. तर जिथं निम्म्या लोकांना सही येत नाही, तिथं म्हाताऱ्या बाया फोनवर जमिनीचा उतारा काढताना पाहिल्या. तारा मोजल्या, कायदे मोजले, पुढाऱ्यांची हौस मोजली... एकच कारण सगळीकडे लागू पडत नाही."

बाबा चिलीम झाडत राहिले.

"आणि तुमच्या या नावेच्या घाटानं तर मला चक्रावून टाकलंय. पलीकडच्या काठावर आम्ही तो खांब उभा केला. बटन दाबलं की जिल्ह्याच्या कचेरीतल्या खोलीत नोंद, खोलीतून नावाड्याला फोन. तीही खोली माझीच कल्पना. पण लोक बटन दाबतच नव्हते. आपले हाका मारत बसायचे! आणि मग वैशाखात एका दुपारी त्या नोंदींच्या आलेखाची रेघ अशी चढली..." त्यांनी हात ताडासारखा वर नेला. "अशी उभी चढण मी कुठल्याच देशात पाहिली नाही. ती कशानं आली एवढं कळलं की माझं पुस्तक पुरं होतं."

"तो माझा भाऊ होता," चैतराम म्हणाला.

"कोण?"

"ती रेघ."

साहेबांचा हात वरच राहिला.

"टेकराम. तेंदूपत्ता तोडायला गेला होता पलीकडं. साप चावला. पाय ओढत तुमच्या खांबापाशी आला अन् बटन दाबलं. पडद्यावर आलं, आपली विनंती नोंदवली आहे. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. दाबतच राहिला..."

चैतरामनं मातीचं ढेकूळ उचललं आणि मुठीत कुस्करलं.

"मी इथं होतो. याच चिंचेखाली, जाळं सांधत. नावाडी मीच. फोन वाजला नाही."

"पण मग त्यांनी..." निमकर अडखळले. "हाक का नाही मारली? इतक्या अंतरावर तर..."

हाच प्रश्न चैतरामला त्या दिवसापासून जेवू देत नव्हता.

"साऱ्या गावाला तोच सांगायचा. आता बोंबलू नका म्हणे, लाज वाटते. सरकारनं बटन दिलंय." त्याचा आवाज फाटला. "मेला तुमच्यावर भरवसा ठेवून."

चिलीम थांबली. 

निमकरांनी घसा खाकरला. "खोलीत नोंद झाली होती. मी स्वतः पाहिली. फक्त फोन करायचं काम त्या सुमारास दुसऱ्या खात्याकडे गेलेलं. खोलीकडे नुसतं मोजायचं काम होतं."

"मग मोजलं ना बरोबर?"

"हे बघ, नव्या गोष्टीत सुरुवातीला असं होतं. प्रत्येक देशात..."

"साहेब, त्या देशांतही माणूस मरायला लागला की रेघ वरच जाते काय?"



चैतराम उठून उभा राहिला. "झाली माझी पाळी. सब्बल द्या, बाबा. खांबाचा भुगा करतो. अन् पोलीस पाहिजे असतील तर साहेबांनी बटन दाबून बोलवावं."

बाबा उठले. सतरंजी बाजूला केली, सब्बल उचलली आणि काखेत धरली.

"देतो. आधी साहेबाला पलीकडं सोडून ये. एकट्याला. नाव घेऊन परत ये."

"मी कशाला?" निमकर म्हणाले.

"पुस्तक पुरं करायचंय ना?"

चैतरामनं साहेबांना नावेत घातलं. जाताना तो एक शब्द बोलला नाही. पलीकडं पोचल्यावर हात द्यायचाही त्यानं कंटाळा केला. साहेब चिखलात बूट घालून उतरले. तो तसाच मागे वळला.

अलीकडं आल्याबरोबर त्यानं खिशातला फोन काढला, बंद केला आणि चिंचेच्या ढोलीत टाकला.

बाबांनी पाहिलं. 

पलीकडं साहेबांचा पांढरा सदरा खांबापाशी गेला. वाकला. उभा राहिला. पुन्हा वाकला.

"नोंदवली असंल विनंती," चैतराम थुंकला.

उन्हं कलली. सदरा खांबाभोवती फिरत होता. मग पाण्यावरून आवाज आला.

"अहोऽऽ!"

बाबांनी चुलीवर चहाचं आधण ठेवलं.

"ऐकू येतंय का, चैत्या?"

"येतंय."

"हं."

"मी ओ देणार नाही, बाबा. आधीच सांगून ठेवतो. बसू दे. माझा भाऊ बसला तसा."

"बसू दे," बाबा म्हणाले.

बाबा समजावतील, दया-क्षमा काढतील, म्हणून चैतरामनं चार उलट उत्तरं दातांत तयार धरली होती. ती तशीच राहिली. त्यानं त्याला जास्तच चीड आली.

"चैतरामऽऽ!"

...

"चैतरामजीऽऽ!"

"बघा, जी लागलं!" चैतराम हसला. हसू लगेच विरलं.

चहा उकळला. दोघांनी फुंकून फुंकून प्यायला. हाका येत राहिल्या, मग विरळ झाल्या, मग थांबल्या.

चैतरामनं मान वर केली. सदरा खांबाच्या बुडाशी बसला होता. पाठ खांबाला, पाय पसरलेले. टेकराम सापडला होता, अगदी तिथं. तसाच.

"गप काहून बसला हा?"

बाबांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"बाबा... तिकडं गवतात जनावरं असतात. ह्याला सांगितलं का कुणी?"

बाबांनी कप विसळला.

चैतराम उठला. पाण्यात शिरला. गुडघ्याएवढ्या पाण्यात उभा राहून तो पलीकडं बघत राहिला. वारा पडला होता. पाणी हलत नव्हतं...

मग अगदी बसलेला, घासलेला आवाज आला.

"ए भाऊऽऽ..."

"ओऽऽऽ!"

चिंचेवरची पाखरं भर्रकन उडाली. आपण ओरडलो हे चैतरामला त्यानंतर कळलं. त्या वैशाखाच्या दुपारपासून तो ओ त्याच्या घशात अडकून पडला होता.

"आलो रेऽऽ! हलू नको! आलोऽऽ!"

तो नावेत पडला, उठला आणि वल्ही मारू लागला. साऱ्या वाटेभर साहेबांना, सरकारला, सापाला आणि स्वतःला शिव्या देत होता. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

परत येताना त्यानं साहेबांना बजावलं, "उपकार समजू नका. तो ओ तुमच्यासाठी नव्हता."

"माहीत आहे," निमकर म्हणाले. त्यांचे ओठ कोरडे पडले होते.

काठावर उतरून ते चिखलातच बसले. बाबांनी दिलेला तांब्या त्यांनी एका दमात रिकामा केला.

"बाबा," ते म्हणाले, "तो खांब उद्याच उपटून टाकायला सांगतो. पुस्तकातून ती रेघही काढतो."

"खबरदार!" चैतराम अंगावर धावून गेला. "रेघेला हात लावायचा नाही. भाऊ आहे तो माझा!"

निमकर दचकले. मग त्यांनी हळूच मान हलवली.

"नाही लावत. नाव लिहीन त्याखाली. टेकराम."

"लिहाच. अन् खांब तुम्ही काहून उपटता? खांब माझा आहे. आणा बाबा ती सब्बल, आता तरी आणा!"

बाबांनी चुलीपाशी टेकवलेली सब्बल उचलली. चैतरामनं हात पुढं केला.

बाबांनी ती निमकरांच्या मांडीवर ठेवली.

"बाबा!" चैतराम ओरडला. "ह्याच्या हातात?"

बाबा निमकरांकडे बघत होते.

"साहेब, जिल्ह्याच्या त्या खोलीत बसायला काय असतं?"

"खुर्च्या असतात," निमकर म्हणाले.

बाबा काठाशी गेले. जिथं पाणी मातीला चाटत होतं, तिथं त्यांनी अंगठ्यानं एक खूण केली.

"इथं खण. त्यातली एक आणून रोव. बसणाऱ्याचे पाय पाण्यात राहतील अन् पलीकडची हाक कानावर पडेल अशी."