कोठाराची मोहोर

पूर्वी मधुपुरात अरिंजय राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या कोठाराचा अधिकारी होता. सुगी सरली की कोठारात पेरणीचे बियाणे भरत आणि दारावर ओली माती थापून तिच्यावर राजमुद्रेची मोहोर उठवत. ती मोहोर पेरणीच्या दिवशी राजानेच फोडायची. दुसऱ्या कुणी फोडली तर त्याचा उजवा हात तोडावा, असा दंड होता. म्हणून दार लावण्यापूर्वी अधिकाऱ्याने उंबऱ्यावर उभे राहून मोठ्याने विचारायचे, "आत कोणी आहे का?" बोधिसत्त्वानेही विचारले. उत्तर आले नाही, तेव्हा त्याने मोहोर उठवली.

दुसऱ्या दिवशी दारापाशी एक भटकी मांजरी आली. पहारेकऱ्यांनी अपशकुन म्हणून तिला हाकलले, ती परत आली. पुन्हा हाकलले, पुन्हा आली. बोधिसत्त्वाने पुढे ठेवलेल्या दुधाला तिने तोंड लावले नाही. ती दारच ओरबाडत राहिली. तिची दुधाने भरलेली थाने त्याच्या नजरेस पडली. त्याने दाराला कान लावला. आत पिले ओरडत होती.

राजा सीमेवर गेला होता. तो परतेपर्यंत पिले जगणार नव्हती. बोधिसत्त्वाने हातोडा मागवला. त्याचा मदतनीस कालक मनाचा वाईट नव्हता. त्याने गयावया केली, हात धरला. बोधिसत्त्वाने हात सोडवून घेतला आणि मोहोर फोडली. मांजरी आत शिरली व कणगीमागून एकेक पिलू तोंडात धरून बाहेर घेऊन आली.

कालकाचा जीव भांड्यात पडला. "आर्य, मुद्रा तुमच्याच कनवटीला आहे. पुन्हा मोहोर उठवू. कुणाला पत्ता लागणार नाही."

"मग पुढच्या वर्षीही आपण असेच विचारू आणि असेच दार लावू," बोधिसत्त्व म्हणाला.

राजा येईपर्यंत तो उंबऱ्यावर ठाण मांडून बसला. मांजरीपायी हात गमावणार म्हणून नगरातले शहाणे लोक हसत होते. हसणाऱ्यांना त्याने हसू दिले, बियाण्याचा दाणा मात्र हलू दिला नाही.

राजा आला. फुटकी मोहोर पाहून त्याने विचारले, "दार लावण्यापूर्वी हाक दिली होतीस?"

"दिली होती, महाराज. पण ज्याला उत्तर देता येते, त्याच्यासाठीच दिली. त्या जिवांना कोंडले मी, मोहोरही मीच फोडली. हा माझा हात."

त्याने उजवा हात उंबऱ्यावर ठेवला. त्याला भीती वाटत होती, पण हात त्याने मागे घेतला नाही.

शेजारी सावलीत मांजरी पिलांना पाजत होती. राजाने तिकडे पाहिले. मग म्हणाला, "चूक ह्या हाताने केली आणि सुधारलीही ह्याच हाताने. हा तोडला, तर असा दुसरा कुठून आणू?"

तेव्हापासून मधुपुरात हाक दिल्यावर दार दिवसभर उघडे ठेवत, आणि अधिकारी बाहेर गप्प बसून वाट पाहत असे.

ही कथा सांगून शास्ते भगवंत म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा तो आजचा भिक्षू आनंद. दारावरून न हटलेली मांजरी ती भिक्षुणी उत्पलवर्णा. कालक आज तुमच्यातच बसला आहे, त्याचे नाव सांगत नाही. उंबऱ्यावर हात ठेवणारा मी होतो. भीती वाटत असतानाही योग्य ते धरून ठेवणे, ह्याला अधिष्ठान म्हणतात."