फ्रॉकची दुमड

कपड्यांना वाचा होती त्या काळी एका निळ्या फ्रॉकचा घेर फार तोरा मिरवायचा. त्याच्या खालच्या कडेला चार बोटं कापड आत दुमडलेलं होतं. त्या दुमडीला तो म्हणायचा, "मी जत्रा पाहिली, लग्नं पाहिली. तू नुसती अंधारात बसून खातेस."

पुढे मालकीण अंगानं भरली, फ्रॉक काखेत दाटू लागला आणि स्टीलच्या डब्याच्या बदल्यात बोहारणीकडे गेला. जुन्या बाजारात तो इंदुमतीबाईंच्या हाती लागला. त्यांनी तो आधी उलटा करून पाहिला, दुमड चाचपली आणि मगच पिशवीत टाकला. घरी येऊन त्यांनी खालची टीप उसवली, इस्त्री फिरवली.

घेर ओरडलाच. खाली गडद निळा पट्टा आणि वर तो स्वतः, उन्हानं विटलेला! "बाई, हिला परत आत घाला. हिच्यामुळे मी जुना दिसतो."

"जुना तू आहेसच," बाई म्हणाल्या. "आमची रेवा किडकिडीत, पण उंच. दुमड आत घातली तर फ्रॉक आखूड होईल. मग तुझी फडकीच करावी लागतील."

घेर वरमला. तेव्हा दुमड पहिल्यांदाच बोलली, "दोन उन्हाळे दोरीवर वाळले, की मीही तुझ्यासारखीच होईन."

बाईंनी नवी टीप मारली. रेवा वाढती होती, म्हणून कडेचं बोटभर कापड त्यांनी पुन्हा आत दुमडून ठेवलं. त्या बोटभर कापडाला घेर या वेळी काही बोलला नाही.