पहिला नंबर

रेवती धुमाळने कंपनीत असताना पुराचा इशारा देणारं यंत्र बनवलं आणि ते नदीकाठच्या गावांत लागावं म्हणून कंपनी सोडून ती सरकारात तंत्रज्ञान सल्लागार झाली. यंत्र बनवणं हेच अवघड काम, असं तिला तोवर वाटत होतं. मग तिची गाठ सचिव घारपुरे साहेबांशी पडली.

"आधी दुसऱ्या राज्यात वापरून होऊ दे," साहेबांनी फाईल बाजूला सारली. "धोरण म्हणजे सावधपणा, बाई. पहिला नंबर आपल्याला नको."

"पावसाळा तोंडावर आलाय, साहेब."

"तो दरवर्षीच येतो. चला, लिफ्टचं उद्घाटन आहे."

साहेब दौऱ्यावर होते म्हणून नवी लिफ्ट महिनाभर फीत बांधून उभी होती आणि सगळं ऑफिस सहा मजले चढत होतं. लिफ्टपाशी जमलेल्या सगळ्यांसमोर रेवती म्हणाली, "साहेब, आधी दुसऱ्या कोणाला तरी वापरून बघू दे."

"माझ्याआधी आत कोणी पाय ठेवायचा नाही," साहेब गुरकावले.

"म्हणजे फीत असली की पहिला नंबर चालतो. मग आमच्या यंत्रालाही फीत बांधते."

मागे कोणीतरी हसू खोकल्यात दडवलं. साहेबांनी कात्री उचलली, जरा विचार केला आणि हळूच विचारलं, "कार्यक्रम पावसाआधी होईल ना?"