बिनआरशाचं माप

“म्हणजे आरसा लावला की माझा शोध गायब होतो, आणि तरी आरसाच खरा... असं का, बाई?”

मुंडले बाई पदरानं चष्मा पुसत बसल्या.

विचारणारा इंद्रजित शेलार हा त्यांचा पीएचडीचा विद्यार्थी. पोरगा हुशार, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक. सगळ्यांना माहीत असलेल्या एका ऑक्साइडमध्ये किंचित जस्त मिसळून त्यानं नवी पावडर केली होती. अशा पावडरीवर क्ष-किरण सोडले की पडद्यावर शिखरांची रांग उमटते, आणि शिखरं कुठं उभी आहेत त्यावरून आतले अणू किती अंतरावर बसलेत ते कळतं. इंद्रजितची शिखरं जागची हलली होती. जस्तानं स्फटिक आकसला होता! असं कुणालाच आजवर दिसलं नव्हतं. ते सांगायला तो उद्या सकाळी बंगळूरच्या परिषदेला निघणार होता. पोस्टर छापून, गुंडाळून तयार होतं.

आणि आज नेमकी माशी शिंकली.

प्रयोगशाळेतल्या रेश्मा तांबोळीनं यंत्रावर नवा आरसा बसवला होता. पातळ थरांवर थर चढवलेला, नळीतून फाकत येणाऱ्या किरणांना वळवून समांतर करणारा. तो नीट बसलाय का हे बघायला तिनं हाताशी होती ती पावडर लावली. ती इंद्रजितची निघाली. शिखरं मुकाट्यानं जुन्या जागी जाऊन उभी राहिली, जस्त नसलेल्या साध्या पावडरीच्या जागी.

तेव्हापासून इंद्रजितच्या डोक्यात संशयाचा किडा वळवळत होता. रेश्मानं पावडरीची कुपीच बदलली असेल. तिचं स्वतःचं काम वर्षभर अडकलंय, दुसऱ्याचं पुढं गेलेलं तिला कसं बघवेल? आणि बाई तरी? साध्या पावडरीची मापं वीस वर्षांपूर्वी बाईंनीच घेतलेली. आरसा आणवला तोही बाईंनीच. चेल्यानं पुढं जावं असं सगळ्याच गुरूंना वाटतं थोडंच!

तोंडानं मात्र त्यानं आरशावर राग काढला. हा आरसा म्हणे हवे ते किरण पुढं सोडतो आणि नको ते अडवतो.

“जो निवडून निवडून सोडतो, त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा, बाई?”

“सिलिकॉन लाव,” बाई म्हणाल्या. “आरसा काढून.”

सिलिकॉनची शिखरं कुठं असतात हे जगभर पाठ आहे. ती हलत नाहीत. म्हणूनच यंत्र तपासायला ते वापरतात. इंद्रजितला यातही काहीतरी काळंबेरं दिसलं. त्यानं रेश्माला लांब उभं राहायला सांगितलं. आरसा स्वतः काढून पेटीत ठेवला. सिलिकॉनची सीलबंद बाटली शोधून स्वतः फोडली. नमुना ठेवायच्या पट्टीच्या मधल्या खाचेत पावडर भरली, दाबली, आणि नेहमीसारखी वरून आणखी एक चिमूट घालून पुन्हा दाबली. पावडर सढळ असली की शिखरं उंच येतात, असा त्याचा हिशेब.

यंत्र गुणगुणत राहिलं. तिघंही पडद्याकडे बघत होती.

सिलिकॉनची शिखरं हलली होती. त्याच बाजूला. जवळजवळ तितकीच.

“बाटलीच खराब असेल,” इंद्रजित म्हणाला. पण आवाजातला जोर गेला होता.

बाईंनी वाद घातला नाही. उठून त्यांनी पट्टी बाहेर काढली आणि खाचेवर एक कोरी काच आडवी ठेवली. काचेचं एक टोक बोटानं दाबलं. दुसरं वर उठलं. ते दाबलं, तर हे वर आलं.

टक्... टक्...

काच पट्टीच्या काठांवर टेकतच नव्हती. मधल्या पावडरीवर डुगडुगत होती.

इंद्रजितला सगळं उमगलं. आरसा नसताना पावडर काठाच्या अगदी बरोबरीनं असावी लागते. केसभर जरी वर आली तरी शिखरं सरकतात, आणि स्फटिक आकसलेला नसतानाही आकसल्यासारखा दिसतो. समांतर किरणांना मात्र त्या वर-खालीचं काही वाटत नाही. हे त्याला ठाऊक नव्हतं असं थोडंच? पहिल्या वर्षाच्या मुलांना तोच शिकवायचा. साधी पावडर भरली होती बाईंच्या हातानं, नवी भरली याच्या हातानं. त्याचा सगळा शोध म्हणजे ती वरची चिमूट होती.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रेश्माकडे बघवेना. ती बिचारी अजून त्यानं सांगितलं होतं तिथंच, लांब उभी होती.

शेवटी तो उठला. पोस्टर कपाटामागे सारलं. परिषदेला फोन करून नाव मागे घेतो म्हणाला, आणि बाईंनी नुसती मान हलवली. मग रेश्माजवळ जाऊन तो खाली मान घालून म्हणाला, की कुपी तू बदललीस असं मला वाटलं होतं. रेश्मा म्हणाली, ते सकाळपासून तुझ्या तोंडावर दिसत होतं.

त्यावर त्याला जरा हसू आलं, आणि हसू आलं तसा धीरही आला.

“बरं झालं आरसा आला, बाई. यापुढे माझी सगळी मापं आरसा लावूनच घेतो. म्हणजे पुन्हा चुकायला नको.”

बाईंनी टेबलावरची आरशाची पेटी उचलली आणि रेश्माच्या हातात दिली.

“आणि मी?” इंद्रजितनं विचारलं.

बाईंनी ती कोरी काच त्याच्यापुढं सरकवली.

“ही डुगडुगायची थांबली, की मग आरसा माग.”