शेजारणींचा श्वास

खूप जुनी गोष्ट आहे. तेव्हा रशिया देशात रस्ते थोडे होते आणि गाणी पुष्कळ होती. पेरणीला गाणं, कापणीला गाणं, बाळाला निजवायला गाणं आणि माणसाला पोचवायलाही गाणंच.

तिथे एका रुंद नदीच्या काठी आगाफ्या नावाची गाणारी राहत होती. ती गाऊ लागली की नदीतले नावाडी वल्ही थांबवत. गाण्याची पहिली ओळ नेहमी तीच उचले, मग बाकीच्या बायका साथ देत. पंचक्रोशीतली माणसं म्हणत, "आगाफ्याचा दम काय विचारता! एवढं लांबलचक गाणं, पण कुठे म्हणून तुटत नाही." ऐकून आगाफ्याला बरं वाटे. बरं वाटता वाटता तिला ते खरंही वाटू लागलं.

एका हिवाळ्यात तिला मोठा ताप आला. ताप उतरला, पण जाताना गळा घेऊन गेला. बोलणं घोगरं झालं, सूर तर लागेचना. आगाफ्या कोणाकडे जाईनाशी झाली. शेजारणी कोबीचं गरम सार घेऊन येत. ती दार किलकिलं करून भांडं घेई आणि पुन्हा लावून टाकी.

बर्फ वितळलं आणि तिच्या भाचीचं, उल्यानाचं, लग्न ठरलं. उल्याना आईवेगळी पोर. आगाफ्यानेच तिला लहानाची मोठी केली होती. त्या गावची रीत अशी, की नवरी निघताना घरच्या बाईने निरोपाचं गाणं उचलायचं आणि नवरी दिसेनाशी होईपर्यंत ते गात राहायचं. मध्येच तुटलं तर मोठा अपशकुन.

लग्नाच्या सकाळी घोडागाडी अंगणात येऊन उभी राहिली. आगाफ्या म्हणाली, "दुसऱ्या कोणाला तरी सांग, पोरी. माझ्याने गाणं मोडलं तर तुझ्या संसाराला गालबोट लागेल."

उल्यानाने तिचे हात धरले. "मावशी, मला आई आठवत नाही. मला तुझाच आवाज आठवतो. चांगला असो, फाटका असो, तोच ऐकून निघू दे मला."

आगाफ्याने डोळे मिटले आणि पहिली ओळ उचलली. ती कशीबशी पार पडली. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर आवाज चिरकला, दम सरला आणि सूर सुटला.

पण गाणं थांबलंच नाही. बाजूला उभ्या असलेल्या म्हाताऱ्या शेजारणीने, प्रास्कोव्याने, तो सूर अलगद झेलला होता. तिचा दम संपत आला तशी दुसरी शेजारीण फेक्ला पुढे झाली. एकजण श्वास घेई तेव्हा दुसरी गात राही. आगाफ्याही दम घेऊन पुन्हा त्यांच्यात मिसळली. उल्यानाची गाडी वळणाआड गेली, तेव्हाच गाणं संपलं.

आगाफ्या प्रास्कोव्याकडे वळली. "हे केव्हा ठरवलंत तुम्ही?"

"ठरवायचं काय त्यात?" प्रास्कोव्या हसली. "आपल्या आया अशाच गायच्या. तू श्वास घ्यायचीस, तेव्हा आम्ही सूर धरून ठेवायचो. दरवेळी. तुझा आवाज मोठा होता गं, त्यात आमचे ऐकू येत नसत, एवढंच."

आगाफ्याने एकेकीचे हात हातात घेतले आणि शेवटी फेक्लाच्या गळ्यात पडून ती रडली. "बायांनो, मी कधी तुम्हाला साधं..."

"पुरे गं," फेक्ला डोळे पुसत म्हणाली. "चल आत, पाव गार होतोय."

त्या दिवसापासून आगाफ्या पुढे उभी राहिली नाही. पहिली ओळ फेक्लाची सून उचलू लागली. आगाफ्या मागच्या रांगेत असे. सून श्वास घ्यायला थांबली की आगाफ्याचा घोगरा सूर खालून तिला उचलून धरी. पुढे ती पोरीबाळींना सांगे, "माझा गळा गेला, तेव्हा कुठे मला आपलं गाणं ऐकू आलं."

म्हणून आपला सूर उंच लागला, की तो खालून धरून ठेवणाऱ्यांचे आधी आभार मानावेत.